अर्धं पान

शाळेची तिकाटी मोडली म्हणून
बोरखेडीला पैकाजी बुरडकरांच्या पडवीत गेलो.
त्यांनी रंधा थांबवला,
आढ्यातून बांबूचा पोंगा ओढून काढला,
फुंकर मारली. धूळ माझ्याच डोळ्यांत.
"सर, तुमी डराइंगचे ना? मंग हे पायजा."

आतून निघाला जाड, चहाच्या रंगाचा कागद.
एक कोपरा वाळवीनं नेलेला.
त्यावर पेन्सिलीतलं पान.

देठातून सुटून स्वतःवरच उलटलेलं,
काठाला दाते, पोटात शिरा,
आणि प्रत्येक टोकाला
झोपलेल्या मांजराच्या शेपटीचा वळसा.
उन्हात तिरका धरला
की शिसं पाऱ्यासारखं हलायचं.
खाली इंग्रजीत फूट, इंच, सन अठराशे ब्याऐंशी.
सही कुणाच्या तरी ओल्या अंगठ्यानं पुसलेली.

मधोमध पट्टीनं ओढलेली उभी रेघ.
रेघेच्या डावीकडं सगळं.
उजवीकडं काही नाही.

"जिनिंगवाल्या सायबाचा बंगला होनार होता.
दरवाजावरची नक्षी व्हय हे.
आमचा खापरपंजा लटारी, त्याले देल्ला कागद,
म्हने, सागवानात कोर.
मंग सायेब तापानं गेला, का बदलून गेला,
कोनाले मालूम.
बंगला झाला नाई. मजुरी भेटली नाई.
कागद राह्यला."

त्या साली तान्ह्या पोळ्याला
लटारीनं लाकडी बैल घडवले
आणि झुलीवर हेच पान कोरलं.
बैलाच्या डाव्या अंगावर.
उजवं अंग नुसतं घासून गुळगुळीत.

"काऊन?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.
"अर्धंच होतं, तं अर्धंच काढलं.
दुसऱ्याचं काम. आपन काऊन वाढवावं?"

तेव्हापासून बुरडकरांचा बैल असाच.
आठवडी बाजारात बाया आधी उजवं अंग चाचपतात;
तिथं नक्षी लागली
तर म्हणतात, हा नकली.

"पान कोन्या झाडाचं व्हय, सर?"
आता काय सांगू.
नागपूरला प्लास्टरच्या साच्यावरून
दोन वर्षं हेच पान गिरवलं मी.
समुद्रापलीकडच्या दगडी खांबांवर असतं, एवढं ठाऊक.
झाड पाहिलं नाही कधी.
मराठीत त्याला काय म्हणतात, विचारलंही नाही.

"आमच्यात तं काटेधोतऱ्याचं म्हनते," ते म्हणाले,
आणि धुऱ्यावरून एक उपटून आणलं.
कागदाशेजारी ठेवलं.
चीक गळत होता, पिवळा.
दाते जुळत होते.

एक गोष्ट मला येत होती, त्यांना नाही.
असं चित्र अर्धंच काढायचं असतं.
ट्रेसिंग कागदावर उतरवायचं, रेघेवर उलटायचं,
चमच्याच्या पाठीनं घासायचं,
की दुसरी बाजू आपोआप उठते.
सहावीच्या पोरांना शिकवतो मी हे.
ट्रेसिंग कागद पिशवीत होता. जिभेवरही आलं होतं.

तेवढ्यात त्यांची नात, माझ्याच वर्गातली सुगंधा,
आपला बैल ओढत आली, चाकं करकरवत.
उजवं अंग माझ्याकडं.
त्यावर खडूनं काढलेली विहीर, विहिरीवर मोटर,
मोटरवर कावळा,
कावळ्याला चष्मा.
"मागच्या साली बस काढली होती," ती म्हणाली.
"पोळा झाला का धुऊन टाकतो.
आमच्या गल्लीत सगळेच काढते."
चष्मा कोणाचा ते मी विचारलं नाही.

पिशवी बंद केली.
तिकाटीचे साठ रुपये दिले, चहा घेतला.

पोंग्यात घालायला कागद गुंडाळताना
पुन्हा एकदा ऊन पडलं, अगदी आडवं,
त्या कोऱ्या उजव्या अर्ध्यावर.
शिसं नव्हतंच.
नुसता नखानं दाबून काढलेला,
लटारीच्या कोण्या पोरानं की पोरीनं,
एक बैल.
पाय पाच.